तीस लिटर पाणी, पंधरा एम्बर टेट्रा : इंदूरच्या घरातल्या टाकीच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

टाकी आणली. १८ × १० × १२ इंच, ५ मिमी काच, ८५० रुपये. दुकानदाराच्या हिशेबाने पस्तीस लिटर. पण खडी, झाडं आणि वरची दोन बोटं रिकामी जागा वजा केली तर पाणी तीसच लिटर राहतं. पुढे जिथे मात्रेचा हिशेब येईल तिथे तीसच धरलाय.

नोंदी लिहायची कल्पना अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांनी इथल्या कापड मिलमध्ये स्पिनिंग खात्यात आयुष्य काढलं. दर पाळीला रजिस्टर भरायची सवय. टाकी दारातून आत येताना बघून पहिलं वाक्य हेच म्हणाले, "सूनबाई, आधी वही घाल. लिहून ठेवलं नाही की माणसाला दुसऱ्या दिवशी आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं."

दुकानात मला चार गोल्डफिश गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. "भाभीजी, इसमें मस्त लगेंगी, कुछ नहीं होता." होतं. गोल्डफिश तळहाताएवढा वाढतो आणि घाणही त्या मानाने करतो. मला लहान, थव्याने राहणारे मासे हवे होते, म्हणजे एवढ्याशा पाण्यातही त्यांना हिंडायला जागा वाटेल. चिली रासबोरा मनात होता, पण त्याला फारच मऊ पाणी लागतं, आणि इथे नगाला १२० रुपये सांगितले. एम्बर टेट्रा ६० ला एक. वाढून वाढून दोन सेंटीमीटर, रंग निखाऱ्यासारखा. मूळचा ब्राझीलच्या अरागुआया नदीच्या खोऱ्यातला. १९८७ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि नाव 'अमांडे' पडलं, ते अमांडा ब्लेहर या बाईंवरून. ठरलं.

टाकी रात्रभर न्हाणीघरात कोरड्या पेपरवर भरून ठेवली. सकाळी पेपर कोरडा. मग शिकवणीच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला, लोखंडी टेबलावर, खाली थर्माकोलचा तक्ता घालून. भरल्यावर वजन चाळीस-बेचाळीस किलो होतं, शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवायचा बेत अण्णांनी हाणून पाडला ते बरं झालं.

११ फेब्रुवारी

खडी फुकटात मिळाली. मागच्या वर्षी देवघर बसवलं तेव्हाची संगमरवराची पांढरी खडी गच्चीवर पोत्यात पडून होती. आठ पाण्यांनी धुतली. पांढऱ्या खडीवर केशरी मासे किती छान दिसतील, हा विचार. (हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. पुढे कळेल.)

पाणी नर्मदेचं. आमच्याकडे एक दिवसाआड येतं, ते बादल्यांत भरून रात्रभर एअर पंप लावून ठेवलं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायच्या मीटरवर नर्मदेचं पाणी २६०, सोसायटीच्या बोअरिंगचं ७८०. बोअरिंग फक्त टाकी धुवायला. फिल्टर दुकानदाराने सुचवलेला, मोटरवाला, पाण्यात बुडवायचा, ४८० रुपये.

माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत आधी वाढवावे लागतात. त्यांना वाढायला अमोनियाच लागतो, म्हणून रोज चिमूटभर मासळीचं खाद्य रिकाम्या टाकीत. ते कुजतं, अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

२५ फेब्रुवारी

दोनच आठवडे झालेत आणि मासे आणले. सहा. दुकानातून निरोप आला की एम्बरचा माल आलाय, उद्या संपेल. नवरा म्हणाला, "अजून दोन आठवडे थांब." थांबले नाही.

पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगवली आणि मासे सोडले. सोडल्यासोडल्या सगळे फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात. रात्री दहापर्यंत एकही पुढे आला नाही. पाणी सकाळी २० अंश होतं, इंदूरच्या फेब्रुवारीत रात्री गारठा असतोच. या माशांना २३ च्या खाली नको. संध्याकाळीच ५० वॉटचा हीटर आणला, ४२० रुपये. तो मासे आणण्याआधी आणायला हवा होता.

२८ फेब्रुवारी

तीन गेले.

पहिला काल सकाळी फिल्टरच्या जाळीला चिकटलेला मिळाला. फिल्टरचा ओढा एवढा की हाताचं बोट लावलं तरी जाणवतो. दोन सेंटीमीटरचा मासा काय टिकणार. बाकीचे दोन वेगळ्या कारणाने. पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघड-मीट करत होते, कल्ले भराभर हलत होते, आणि कल्ल्याच्या कडेची लाली बाहेरून दिसत होती. त्या लालीकडे मी अर्धा तास बघत बसले आणि काही केलं नाही, कारण काय करायचं ते कळेना.

मग दुकानात गेले. "नीली दवा डालो, दस बूंद." डाललं. ६० रुपये. टाकीचे सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे झाले, ते आजही तसेच आहेत. मेथिलीन ब्ल्यू बुरशीवर चालतं, पण आपण जे जिवाणू वाढवतोय तेही त्याने मरतात. म्हणजे पंधरा दिवसांत जेवढी वाढ झाली असेल तीही गेली.

घरी येऊन पहिल्यांदा थेंबांचं किट उघडलं. १,४५० रुपयांचं, आठवडाभर कपाटात बंद. अमोनिया १, पीएच ८.२. नळाच्या पाण्याचा पीएच ७.६. मग टाकीत ८.२ कुठून आला?

अमोनियाचा आकडा एकच असला तरी त्याचं विष पीएचवर ठरतं. पीएच ७ ला एकूण अमोनियातला टक्काही विषारी रूपात नसतो. ८ च्या वर गेलं की पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे माझ्या टाकीत तोच अमोनिया दहापट जास्त मारत होता.

उरलेले तीन २० लिटरच्या रंगाच्या बादलीत. बादली नवीन, रंग कधी भरलेलाच नाही. वापरलेली घेऊ नका. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलते.

३ मार्च

उत्तर लिंबात होतं. अण्णा म्हणाले, "खडी चाखून बघ." त्यांचा अर्थ आम्लाने बघ. अर्धं लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले, नीट कान लावला तर फसफस ऐकू आली. खात्री करायला संडास धुवायच्या आम्लाचा एक थेंब टाकला, तेव्हा खडी चक्क उकळल्यासारखी झाली. संगमरवर म्हणजे चुनाच; तो पाण्यात हळूहळू विरघळत राहतो, पाणी जड करत राहतो. मऊ पाण्यातल्या माशांना मी चुन्याच्या पलंगावर झोपवलं होतं.

टाकी पूर्ण रिकामी केली. खडी परत गच्चीवर. नवी खडी काळ्या दगडाची, बांधकामाच्या मालवाल्याकडून ८० रुपयांना अर्धं पोतं, त्यातली चाळून फक्त मुगाएवढी घेतली. हा आपला माळव्याचा काळा बेसॉल्ट, आम्ल टाकलं तरी ढिम्म हलत नाही. कडा धारदार निघाल्या तर तळाला राहणाऱ्या माशांच्या मिशांना लागतात. एम्बर मधल्या पाण्यातला, त्याला चालते.

एक महिना वाया.

१० मार्च

दुसरी मांडणी. मोटरचा फिल्टर काढून साधा स्पंज फिल्टर, १४० चा, आणि दोन नळ्यांचा एअर पंप ३८० चा. एक नळी टाकीला, एक बादलीला. स्पंज फिल्टर दिसायला गावठी आहे, आवाज करतो, पण मासा ओढत नाही आणि त्याच्या भोकांतच जिवाणू राहतात.

पाणी आता निम्मं नर्मदेचं, निम्मं स्वयंपाकघरातल्या आरओचं. आरओचं ४० आहे, मिश्रण १५० च्या जवळ येतं. आरओचं जे पाणी मोरीत जातं ते वेगळ्या बादलीत धरून लादी पुसायला घेतो.

झाडं: जावा मॉस, अनुबियास, वर तरंगणारं साल्विनिया. एकूण ३०० रुपये. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद.

बदामाची पानं. दुकानात पाकिटात विकतात, पण मागच्या गल्लीत देशी बदामाचं मोठं झाड आहे आणि सध्या त्याची लाल पानं रस्त्यावर खच पडलेली असतात. कीटकनाशक मारत नाहीत ना हे माळ्याला विचारून घेतलं. दोन मोठी पानं धुऊन, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून टाकली. तीन दिवसांत पाणी फिक्या चहासारखं झालं. पीएच ७.२. अण्णांना तो रंग पटत नाही, "गढूळ पाण्यात मासे ठेवतात का?" त्यांना सांगितलं, हे मासे जिथले आहेत तिथे पानं कुजूनच पाणी असं होतं. ते म्हणाले, "मग कोकणातून आणायचे होते." कोकण त्यांनी पाहिलंय एकदाच, १९७४ साली.

बादलीतला वापरलेला स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून काढला, म्हणजे जिवाणूंचं विरजण. यावेळी खाद्याऐवजी औषधाच्या दुकानातला अमोनिया थेंबाथेंबाने, आणि रोज सकाळी वहीत आकडा.

२४ मार्च

अमोनिया उतरतोय, नायट्राइट चढतंय, किटच्या नळीत जांभळं. हे बरोबर आहे. घाई नाही. दुकानातून दोन फोन आले.

३० मार्च, रंगपंचमी

सगळे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला राजवाड्याला. दुपारी घरी परतलो तर शिकवणीच्या खोलीत पाणी. आधी वाटलं टाकी फुटली. टाकी शाबूत, पण पाणी चार बोटं खाली. वीज गेली होती. एअर पंप जमिनीवर होता, टाकीपेक्षा खाली. पंप बंद पडल्याबरोबर नळीतून पाणी उलटं उतरायला लागलं आणि पंपातून थेट एक्स्टेन्शन बोर्डावर. वीज परत यायच्या आत आम्ही पोचलो हे नशीब. टाकीत मासे नव्हते हे दुसरं. बादलीची नळी वाचली, ती बादली पंपाच्या बरोबरीलाच होती.

उपाय पंधरा रुपयांचा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नळीच्या मध्ये. दोन आणले. शिवाय पंप आता खिळ्याला, पाण्याच्या पातळीच्या वर टांगलाय. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या बाजूला, वायर आधी खाली झोका खाऊन मग वर जाईल अशी, म्हणजे थेंब ओघळला तरी बोर्डात शिरणार नाही. हे तिन्ही पहिल्या दिवशी करा. रंगलेल्या हातांनी लादी पुसायची वेळ येऊ देऊ नका.

७ एप्रिल

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग पाच दिवस. संध्याकाळी अमोनिया घातला की सकाळी गायब. नायट्रेट २०. अर्धं पाणी बदललं. बादलीतले तीन मासे टाकीत आले.

नवे चौदा आणले, पण थेट टाकीत नाही. आता ते बादलीत, दहा-बारा दिवस. पिशवीतलं पाणी आणि आपलं पाणी यांतला फरक हळूहळू मोडायचा. नळीला एक सैल गाठ मारली, सेकंदाला दोन थेंब पडतील एवढी, आणि सव्वा तास थेंब पडू दिले. सहावीच्या बॅचची पोरं खाली मांडी घालून थेंब मोजत बसली होती. अपूर्णांक त्या दिवशी राहिले.

एक मासा दुसऱ्या दिवशी गेला. पोट आत गेलेला आधीच होता, दुकानात नीट पाहायला हवं होतं. तेरा राहिले.

२१ एप्रिल

काल संध्याकाळी तेरा टाकीत आले, एकूण सोळा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते इथे पहिल्यांदा दिसलं.

जुने तिघे गेले दोन आठवडे मॉसच्या मागेच होते. खाद्य टाकलं की एकेक करून येत, एक कण उचलून परत. मला वाटायचं पाणी अजून बिघडलंय, मी रोज किट काढायचे, आकडे चांगले. पाण्यात काही खोट नव्हतीच. तीन मासे म्हणजे थवा नाही, आणि थवा नसला की हा मासा दिवसभर लपण्यातच घालवतो.

तेरा सोडले तेव्हा ते खालच्या अर्ध्यात घट्ट गोळा होऊन राहिले. वीस-पंचवीस मिनिटं. मग जुन्यांतला एक, शेपटीच्या टोकाला किंचित फाटलेला, मॉसमधून बाहेर आला आणि त्या गोळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. दुसरा आला. तिसरा आला तोपर्यंत गोळा थोडा सुटला होता. आज सकाळी सोळाच्या सोळा मधल्या पाण्यात, अर्ध्या टाकीभर पसरून. रंग दोन दिवसांपूर्वीच्या दुप्पट. दोन नर एकमेकांसमोर पर ताठ करून तिरके फिरत होते, मारामारी नाही, नुसता तोरा.

दुपारी शिकवणीला एकाने काचेवर टिचकी मारली आणि सगळे क्षणात एका मुठीत आले, एकाच दिशेला तोंड करून वळले. पोरं ओरडली, "मॅडम, थवा! परत करा ना!" अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, "घाबरलेत ते."

खरं आहे. मी व्हिडिओंत बघून ज्या घट्ट, एकसुरात वळणाऱ्या थव्याची वाट बघत होते, तो भ्यायलेला थवा असतो. निश्चिंत असले की ते सैल पसरतात, दोन-तीन इकडे, चार तिकडे, पण सगळे एकमेकांच्या नजरेत. आता टाकीवर चिठ्ठी लावली आहे: टिचकी मारणाऱ्याला दोन जादा गणितं.

मोजायची युक्ती: डोळ्याने मोजू नका, कधी चौदा येतात कधी अठरा. खाद्य टाकताना मोबाइलवर दहा सेकंद चित्रण करायचं आणि थांबवून बोट लावून मोजायचं.

२८ एप्रिल

खाणं. दुकानातलं चकत्यांचं खाद्य बोटांनी चुरलं तरी कण मोठे राहतात. एम्बर तो तोंडात घेतो, थुंकतो, परत घेतो, परत थुंकतो. शेवटी कण तळाला जाऊन कुजतो. खलबत्त्यात मैद्यासारखं कुटलं तेव्हा पहिल्या झटक्यात गिळायला लागले. एका वेळी टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढंच, दिवसातून दोनदा, आठवड्यात एक उपास.

रविवारी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं. अंडी २५० रुपयांची छोटी बाटली. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत दोन मोठे चमचे खडं मीठ, एअर पंपाची नळी, अर्धा चहाचा चमचा अंडी, वर दिवा. या हवेत वीस तासांत फुटतात. पहिल्यांदा सगळंच टाकीत ओतलं, टरफलं आणि खारट पाण्यासकट. टरफलं पचत नाहीत, आठवडाभर ती मॉसवर तपकिरी भुकटीसारखी बसून होती. दुसऱ्यांदा हवा बंद करून दहा मिनिटं थांबले: टरफलं वर, पिल्लं खाली. खालच्या कडेला टॉर्च धरली की पिल्लं केशरी ठिपका होऊन उजेडाकडे गोळा होतात, ती नळीने ओढून घ्यायची. चहाच्या गाळणीतून पडून जातात. जुना सुती रुमाल चालतो. गोड्या पाण्यात धुऊन मग टाकीत.

८ मे

सकाळी पाणी २९, दुपारी चारला ३२.४. हीटर एप्रिलच्या सुरुवातीपासूनच बंद आहे. मासे वरच्या दोन इंचांत. २५ अंशाला लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३२ ला सव्वासात; आणि ऊन वाढलं की माशाला लागतो जास्त. दुसरा स्पंज फिल्टर लावला, बादलीवाला. दिवा दुपारी बंद.

१२ मे

माझी सगळ्यात मूर्ख चूक. पाणी ३२.४, म्हणून फ्रीझरमधल्या एकेक लिटरच्या दोन बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडल्या. तासाभरात २७.५. मी खूश. रात्री बारापर्यंत परत ३१. एका दिवसात पाच अंश खाली, साडेतीन वर. सकाळी सगळे तळाच्या कोपऱ्यात, पर आवळून, आणि एक गेलेला. शेपटी फाटलेला तोच. पंधरा राहिले.

मोठ्या टाकीत दोन बाटल्यांनी अर्धा अंशही हलला नसता. तीस लिटरमध्ये चांगलं-वाईट जे काही कराल ते धाडकन होतं.

१३ मे

मतदान करून आलो. अण्णा शाई लागलेलं बोट टाकीच्या पाण्यात बुडवून म्हणाले, "पंखा लाव. पाण्यावर." मी म्हटलं, खोलीत पंखा चालूच आहे. म्हणाले, "तसा नाही."

मग त्यांनी दोन साधे पाऱ्याचे थर्मामीटर काढले. एक तसाच टांगला. दुसऱ्याच्या फुग्याला निरांजनाची वात गुंडाळून वातीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. पाच मिनिटांनी कोरडा ३७, ओला २२.

"स्पिनिंगला दर तासाला हे दोन आकडे लिहायचे. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून पाणी फवारायचं. दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढी हवेला पाण्याची भूक. तुझी टाकी म्हणजे मोठी ओली वात. वारा दे, हवा पाणी पिईल आणि टाकी गार होईल. ओल्या आकड्याच्या खाली मात्र कधी जाणार नाही."

आयुष्यभर वर्गात बाष्पीभवन शिकवलं, आणि टाकीत बर्फ टाकत बसले.

जुन्या कॉम्प्युटरचा ८० मिमीचा पंखा, १२ व्होल्टचा, तो जुन्या राउटरच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला, म्हणजे आवाज कमी. पाण्याजवळ २३० व्होल्टचा पंखा लावू नका. काठाला चिमट्याने, पाण्यावर तिरका वारा जाईल असा. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला, नाहीतर मासा उडी मारतो. खर्च शून्य.

१५ मे

दुपारी चारला पाणी २८.२. खोली ३७ च. दिवसातला चढउतार सव्वा अंश. मासे परत मधल्या पाण्यात पसरलेत.

कूलर चालू केला की खोली ३१ ला येते पण ओला आकडा २४ वर चढतो, अंतर कमी होतं. तरी दोन्ही मिळून टाकी २७.५ ला राहते. खिडकी उघडी हवी, नाहीतर कूलरची ओल खोलीतच कोंडते.

२६ मे

पंख्याने रोज लिटरभर पाणी उडतं, पातळी नऊ मिलिमीटर उतरते. ती मी नळाच्या पाण्याने भरत होते. आज सहज मीटर बुडवला: १५० चे २५५. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि मी रोज नवे क्षार ओततेय. बारा लिटर गुणिले २६० भागिले तीस, म्हणजे शंभराच्या वर वाढ, हिशेब तंतोतंत जुळतो. गणिताच्या शिक्षिकेला बारा दिवस लागले.

उडालेलं पाणी फक्त आरओने भरायचं. मिश्रण फक्त पाणी बदलताना, रविवारी सहा लिटर. एकदम खाली आणलं नाही, पुढचे तीन रविवार मिश्रणाऐवजी नुसतं आरओ घालून उतरवायचं ठरवलंय. काचेवर पेनाने पातळीची रेघ मारली.

१६ जून

टीडीएस १६५. मोजले, पंधरा.

३० जून

पाऊस लागला. खोली ३०, ओला थर्मामीटर २७. अंतर तीनच. पंखा चालवून पाणी २८.९, न चालवता २९.५, एवढ्यासाठी रात्रभर घरघर नको, म्हणून बंद केला. झाकण परत बसवलं. दोन्ही स्पंज चालू ठेवलेत, खाद्य थोडं कमी.

आजपर्यंतचा खर्च ६,९३० रुपये. त्यात निळं औषध, मोटरचा फिल्टर आणि गेलेले पाच मासे धरलेत. दिवा ६५०, टीडीएस मीटर ३५० आणि डिजिटल थर्मामीटर १५० रुपयांचा, ते वर लिहायचं राहिलं होतं. मोटरचा फिल्टर माळ्यावर आहे, मोठ्या टाकीवाल्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

वहीत आता पाण्याच्या आकड्यांशेजारी अण्णांच्या अक्षरात आणखी दोन रकाने आहेत, कोरडा आणि ओला. सकाळी सहाला, माझ्या आधी उठून भरतात.

उद्या: वात बदलायची. एक स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा, दुसरा पुढच्या आठवड्यात. साल्विनिया निम्मं काढायचं, खाली उजेड पोचत नाही.